दुसरी बाई

फुलवारीत शिकवणाऱ्या बाईला बाईच म्हणायचं, हा वासंतीबाईंचा कायदा होता. लक्ष्मीकांत देवस्थळींनी बायकोला परोपरीने सांगून पाहिलं होतं, की हे सांगली नव्हे, लखनौ आहे. इथं जुन्या चौकात बाई म्हटलं की लोकांना तबला आणि घुंगरू आठवतात. मॅडम म्हणवून घे, नाही तर दीदी. वासंतीबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "लखनौला सवय होईल."

आणि झाली की! बख्शी का तालाबच्या एअरफोर्स स्टेशनबाहेर, आमराईच्या कडेला भाड्याच्या दोन खोल्या घेऊन त्यांनी फुलवारी हा शिशुवर्ग काढला. कॅम्पातली मराठी पोरं, पंजाबी पोरं, गावातली अवधी बोलणारी पोरं, सगळी बाई म्हणू लागली. त्यांच्या लेखी बाई म्हणजे त्या खोलीत जी असते ती.

देवस्थळी वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते. संस्थेचे चालक तेच. भाडं, बाकं, पाण्याची टाकी, कूलरची गवताची ताटी हे सगळं ते बघायचे, पण वर्गाचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. तो बायकांचा प्रांत. या माणसाने विमानांची इंजिनं उघडून पुन्हा बसवली होती, पण स्वतःच्या रणजितला एकदाही झोपवलं नव्हतं. नाही म्हणायला एकदा वेळ आली होती. वासंतीबाई तापाने फणफणलेल्या, पोर रडून लाल झालेलं, तेव्हा यांनी त्याला थोपटायला घेतलं ते गंजका पत्रा सरळ करावा तसं. "मनगटातून हो, बोटांनी नव्हे," वासंतीबाई अंथरुणातून म्हणाल्या. "ज्याचं काम त्याने करावं," असं म्हणून यांनी पोर शेजारणीच्या हवाली केलं. रणजित पुढे मोठा झाला, पुण्याला गेला, आणि फोनवर बापाशी हवापाण्याखेरीज काही बोलेना. त्यात नवल काय?

थोपटणं ही वासंतीबाईंची खासियत होती. डबे खाऊन झाले की सतरंजीवर पोरं आडवी व्हायची आणि बाई त्यांच्या मधोमध बसायच्या. दोनदा हात, मग थांबायचं. पुन्हा दोनदा, मग थांबायचं. बांगड्या वाजून कुणाची झोप मोडू नये म्हणून त्या त्या कोपराकडे सारायच्या आणि वरून रुमाल बांधायच्या. डोक्यावरून विमान गेलं की पोरं दचकून हातपाय झाडायची, पण तो हात पडला की पुन्हा निवायची.

पंच्याण्णव सालच्या थंडीत वासंतीबाई गेल्या. सकाळी डोकं दुखतंय म्हणाल्या आणि संध्याकाळी नव्हत्या. अहेव गेली म्हणून कॅम्पातल्या बायकांनी दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या चुड्याने भरले. देवस्थळींना तेव्हा उगाचच वाटून गेलं, की आता हिला पोरांना थोपटायचं झालं तर रुमाल कोण बांधणार. वाटलं आणि त्यांनी ते झटकून टाकलं. माणूस असल्या वेळी काहीही विचार करतो.

नंतर महिनोन्महिने बाई मिळेना. चारबाग स्टेशनहून टेम्पोत हाडं खिळखिळी करून घेत इतक्या लांब यायला कोण बाई तयार होणार? पोरं गळू लागली. अशा वेळी श्रीरंग मोकाशी दारात उभा राहिला. तिशीचा, सडपातळ, मूळचा मिरजेचा. बायको नेत्रा बँकेत, तिची बदली लखनौला झाली तसा हा तिच्यामागून आला होता. बालवाडी शिक्षणाचा कोर्स रीतसर केलेला, वर्गात बाकी सगळ्या मुली आणि हा एकटा. सरोजिनी नगरात शेजारीपाजारी त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, की बायको कमावते आणि नवरा शेंबूड पुसायची नोकरी शोधतो. तो हसून म्हणायचा, "शेंबूड काय आपोआप पुसला जातो?"

देवस्थळींना त्याला घ्यायचं नव्हतं. पण फुलवारी बंद पडली तर वासंतीचं काही म्हणून उरलं नसतं. पालकांची सभा झाली, भवति न भवति झाली, आणि अखेर अटी ठरल्या. पोरांना मांडीवर घ्यायचं नाही. हात लावायचा नाही. शी-शू सगळं रामदुलारी आया बघेल. दार उघडं राहील. झोपेच्या वेळी सर स्टुलावर बसतील. आणि दाराबाहेर एक बाक टाकून त्यावर स्वतः देवस्थळी बसतील.

"बाकावर कशासाठी?" श्रीरंगने विचारलं.

"लक्ष ठेवायला," देवस्थळी म्हणाले. सैन्यातला माणूस, गुळमुळीत बोलायची सवय नव्हती.

श्रीरंगचा चेहरा उतरला, पण त्याने मान हलवली. पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला आणि पोरांनी एकच गिल्ला केला, "बाई आ गईं! बाई आ गईं!" अभिराम नावाच्या एका गोऱ्यापान शहाण्याने "बाई की मूँछ है" अशी पुस्तीही जोडली. श्रीरंगने क्षणभर दाराकडे पाहिलं, मग म्हणाला, "हाँ, आ गईं. चलो, बैठो." तेव्हापासून तो बाईच झाला. बाई आईं, बाई गईं, बाई हँस रही हैं. पालकांपैकी काहींना हसू यायचं, काहींना राग. देवस्थळी मात्र बाकावर बसून ते ऐकताना अंग चोरायचे. ज्या नावाने आपल्या बायकोला अर्धं बख्शी का तालाब ओळखत होतं, ते असं कुणाच्याही अंगावर चढावं हे त्यांना रुचत नव्हतं.

शिकवायला मात्र तो चांगला होता. मातीचे गोळे, आंब्याच्या कोयी, चिंध्यांचे बाहुले, असल्या भिकारड्या सामानातून तो तासन्‌तास काढायचा. हात तेवढा जपायचा. पोर धावत येऊन बिलगायला लागलं की दोन्ही हात डोक्यावर धरून मागे सरायचा. पोरांना तो खेळ वाटायचा. देवस्थळींना समाधान वाटायचं, नियम पाळतोय.

उन्हाळ्यात शाळा सकाळचीच होती, दुपारची झोप नव्हती. सुट्टीनंतर ती पूर्ववत दुपारपर्यंत भरू लागली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी ते घडलं. पोरं सतरंजीवर लवंडलेली, श्रीरंग स्टुलावर, देवस्थळी बाहेर पेंगुळलेले. आमराईवरून एक विमान खाली झेपावत गेलं, खिडक्यांची तावदानं थरथरली आणि आत पोरं दचकून कुरकुरली. मग तो आवाज आला. दोनदा हात, थांबणं. दोनदा हात, थांबणं. आणि त्याच्याबरोबर बांगड्या. एकदोन नव्हेत, कोपरापर्यंत भरलेल्या.

देवस्थळी ताडकन उठले. दारातून पाहिलं तर श्रीरंग स्टुलावर बसलेला, दोन्ही तळवे गुडघ्यांमध्ये दाबून धरलेले, नजर जमिनीला. रामदुलारी मागे नळावर डबे घासत होती. वर्गात दुसरं कुणी नव्हतं आणि आवाज पोरांच्या रांगेतून सावकाश पुढे सरकत होता. जिथून तो जायचा तिथलं पोर शांत होऊन कुशीवर वळायचं.

भुताखेतांना हसणारा हा माणूस. स्क्वाड्रनमध्ये कुणी रात्रीच्या हँगरात पांढरं काही पाहिलं म्हणालं, की याने त्याची पार भंबेरी उडवायची. त्या दुपारी तो बाकावर परत येऊन बसला, आणि त्याला भीती वाटत नव्हती. वासंती आली होती. रुमाल बांधायला कुणी नव्हतं म्हणून चुडा वाजत होता, एवढंच.

मग ते रोजचंच झालं. देवस्थळी सकाळपासून दुपारची वाट बघू लागले. दाढी गुळगुळीत करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर येऊन बसू लागले. कुणाला चकार शब्द बोलले नाहीत. सांगितलं की जातं, असं लहानपणी ऐकलं होतं, आणि दुसरं म्हणजे ते कुणाबरोबर वाटून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. घरात ती आली नाही. तिच्या खुर्चीत नाही, स्वयंपाकघरात नाही. यायची ती इथंच, आणि ते भिंतीच्या अलीकडे बसून ऐकायचे. एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

उत्कर्षा नावाची एक चिमुरडी त्या जुलैत नवी आली होती. तिने वासंतीबाईंना कधी पाहिलं नव्हतं. एकदा घरी जाताना ती बाकापाशी थांबली आणि देवस्थळींच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाई का हाथ ठंडा है. चूड़ी भी ठंडी है."

"अच्छा?" देवस्थळी खाली वाकले. "और?"

"और कुछ नहीं. ठंड लगती है," असं म्हणून ती आईकडे पळाली.

तिची आई विजया, एअरफोर्समधल्या एका सार्जंटची बायको, कोल्हापूरकडची, तोंडाने फटकळ पण मनाने वाईट नव्हे. चार दिवसांनी तिने आणखी पालक गोळा करून सभा बोलावली. पोरांच्या बुटक्या बाकड्यांवर सगळे कसेबसे टेकले, देवस्थळी उंबरठ्याबाहेरच उभे राहिले.

"काका, मी सरळच बोलते," विजया म्हणाली. "आमची उत्कर्षा घरी सांगते, बाई सुलाती हैं, पीठ पे थपकी देती हैं. इतर पोरंही तेच सांगतायत. आपलं काय ठरलं होतं? हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना?"

सगळे श्रीरंगकडे पाहू लागले. "बाई म्हणजे तुम्हीच ना?" कुणीतरी विचारलं.

"मला म्हणतात," श्रीरंग म्हणाला. "पण मी कुठल्याच मुलाला हात लावलेला नाही."

"मग थोपटतं कोण? आया?"

"हम काहे को थपकी देंगे," दारातून रामदुलारी म्हणाली, "हम तो बर्तन माँजते हैं उस बखत."

श्रीरंगने देवस्थळींकडे पाहिलं. त्या बघण्यात विनवणी नव्हती, नुसतं वाट पाहणं होतं. "साहेब रोज बाहेर बसतात. त्यांना सगळं दिसतं. त्यांनाच विचारा," तो म्हणाला.

एवढंच सांगायचं होतं. पोरं म्हणतात ती बाई हा नव्हे. ती दुसरी बाई. जिभेच्या टोकावर आलेले शब्द, पण देवस्थळींना त्या बाकड्यांवरचे चेहरे दिसले. उद्या कॅम्पभर हसू होईल, म्हातारा बायकोमागे वेडा झाला म्हणतील, भुताच्या शाळेत पोर कोण ठेवणार? आणि बोललो तर ती जाईल. उद्यापासून दुपार रिकामी.

"माझं... नेहमीच लक्ष असतं असं नाही," देवस्थळी म्हणाले.

खोलीत चुळबूळ झाली. श्रीरंग उठला, कोपऱ्यातला आपला चिंध्यांच्या बाहुल्यांचा डबा त्याने फळीवर नीट सरकवून ठेवला आणि चपला घातल्या. उंबरठ्यावर तो देवस्थळींच्या अगदी जवळून गेला. "तुमच्याइतकं लक्ष कुणाचंच नव्हतं, साहेब," एवढं म्हणून तो टेम्पोच्या दिशेने चालू लागला. चारचौघांत थोबाडीत बसावी तसा म्हातारा उभा राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला तेच मिळायला हवं होतं.

श्रीरंगच्या जागी लतिका आली. सीतापूरकडची, नुकती बी.ए. झालेली, कोर्स वगैरे काही नाही, पण बाई. सगळ्यांना हायसं वाटलं. तिच्यासाठी कुठली अट घातली नाही, बाकाचीही गरज उरली नाही. देवस्थळी मात्र दुपारी सवयीने जाऊन बसले. पोरं आडवी झाली. विमान गेलं. लतिकाने दोघातिघांना भराभर थोपटलं, पोरं झोपली, ती विणकाम घेऊन बसली. बांगड्या वाजल्या, त्या लतिकाच्या दोन.

दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा गेला, दसरा गेला. देवस्थळी डोळे मिटून, श्वास धरून कान देत राहिले. खोली एखाद्या चांगल्या शाळेच्या खोलीसारखी गप्प होती. ते बोलले नव्हते तरी ती गेली होती. आपण ज्यासाठी एका निरपराध माणसाचा बळी दिला तेच हातचं गेलं, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

आणि हळूहळू दुसरीही गोष्ट कळली. कितीही तिकडून तोंड फिरवलं तरी ती समोर येऊन उभी राहायची. लतिका थोपटते म्हणून वासंती येत नाही. श्रीरंग थोपटत नव्हता म्हणून ती यायची.

हे उमगल्यावर त्यांनी जे केलं ते वाचून कुणाला राग आला तर रास्तच आहे. दिवाळीनंतर लतिकाचं लग्न ठरलं आणि तिने येणं बंद केलं, तसे ते टेम्पो बदलत बदलत कानपूर रोडने सरोजिनी नगरात श्रीरंगच्या घरी गेले. तो आता चारबागजवळ एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे पावत्या फाडत होता. रविवार होता. नेत्राने पाणी आणून दिलं आणि ती नवऱ्याशेजारी उभी राहिली, बसली नाही.

"परत या, मोकाशी," देवस्थळी म्हणाले. "पालकांना मी समजावतो. माझं चुकलं."

"आणि अटी?"

"त्या... त्या तशाच असू द्या. सध्या. म्हणजे लोकांना बरं वाटतं."

श्रीरंगने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला ऐकू यायचं, हो ना?" तो म्हणाला. "मला वाटलंच होतं. दाढी करून यायचात."

देवस्थळींनी मान खाली घातली.

"तुम्ही भिंतीपलीकडे होतात, साहेब, म्हणून तुम्हाला ते गोड वाटलं. मी आत होतो. विमान गेलं की पोरं रडत उठायची, माझ्याकडे हात करायची आणि मी तळवे गुडघ्यांत धरून बसायचो. मग त्या यायच्या. हात गार लागला की पोरं आधी काकडायची, पाय पोटाशी घ्यायची, मग झोपायची. रांग संपेपर्यंत त्यांचा हात जड व्हायचा. ऐकून कळायचं, की दमल्यात." त्याने दोन्ही तळवे पुढे धरले. "मेलेल्या बाईला राबायला यावं लागत होतं, साहेब. का, तर जिवंत पुरुषाचा हात चालत नाही. आणि मी धडधाकट स्टुलावर."

नेत्राने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर रस्त्यावर ट्रक भोंगे वाजवत जात होते.

"येईन मी," श्रीरंग म्हणाला. "पण हात बांधून नाही. बघा तुम्ही."

परतीच्या टेम्पोत देवस्थळी दांडी धरून बसले होते. याला हात लावू दिला तर ती येणार नाही. हात बांधला तर येईल, रोज येईल, आपण मरेपर्यंत येईल. गार हाताने, दमून, एकेका पोरावरून सरकत. आपण इस्त्रीचा शर्ट घालून ऐकत बसू. जिवंत होती तेव्हाही हेच केलं होतं, ती आत राबायची आणि हे बाहेर भाड्याचा हिशेब बघायचे. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तसं शेजारच्या माणसाने सरकून त्यांना खिडकीकडे जागा दिली.

सभा त्यांनी स्वतः बोलावली. उंबरठ्याबाहेरच उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. पोरं म्हणत होती ती बाई मोकाशी नव्हेत, माझी बायको होती. हसायचं त्यांनी हसावं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. उद्यापासून मोकाशी परत येतील, पोराला जवळ घ्यायचं तर घेतील, थोपटायचं तर थोपटतील. दार उघडंच राहील, कुणीही केव्हाही येऊन बघावं. कुणी हसलं नाही. काहीजण तिथूनच पोरांची दप्तरं घेऊन गेले आणि परत फिरकले नाहीत. विजया शेवटपर्यंत बसून होती.

"ठंड लगती है असं ती म्हणायची," विजया अगदी हळू म्हणाली. "मला वाटलं, कूलर." उत्कर्षाचं दप्तर तिने खुंटीवर परत अडकवलं.

श्रीरंग आला त्या दुपारी खोली निम्मी रिकामी होती. देवस्थळी बाकावर बसले. अंगात जुना स्वेटर होता, दाढी केलेली नव्हती. पोरं लवंडली, स्टूल सरकवल्याचा आवाज आला, आणि मग आमराईवरून विमान आलं. पोरं रडत उठली. देवस्थळींनी डोळे गच्च मिटले आणि एवढं सगळं करूनसुद्धा मनात म्हणाले, ये.

हात पडू लागला. दोनदा, मग थांबणं. भरदार हात होता, उबदार. बांगड्या वाजल्या नाहीत. ते ऐकत राहिले, आणखी ऐकत राहिले. फक्त हात. ती आता येणार नव्हती, आणि तिने यायलाही नको होतं.

आत एकाच वेळी तिघंचौघं रडत होती आणि श्रीरंगचा हात एक. "बाई, मुझे भी," अभिराम म्हणत होता. "बाई, इधर भी."

देवस्थळी उठले. उंबरठ्यापाशी त्यांचा पाय क्षणभर अडला. मग चपला काढून ते आत गेले आणि गुडघ्यांवर जोर देत उत्कर्षाशेजारी खाली बसले. हात कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. तो त्यांनी पाठीवर ठेवला आणि थोपटू लागले.

"मनगटातून, साहेब," श्रीरंग पलीकडून हलक्या आवाजात म्हणाला, "बोटांनी नव्हे."

देवस्थळींनी चमकून त्याच्याकडे पाहिलं, पण तो अभिरामकडे वळला होता. त्यांनी मनगट सैल सोडलं. उत्कर्षाने डोळे न उघडता त्यांचा हात चाचपून पाहिला, थंड आहे का ते, आणि तो आपल्या पाठीवर परत ओढून घेतला.

"बाई," ती झोपेत म्हणाली, "रुकना मत."

"नाही थांबत," देवस्थळी म्हणाले.